लाईट आल्यापासून पहिलं बिल निघेपर्यंत: सर्व्हर घेताना खरं काय मोजायचं?



दुकानासाठी सर्व्हर घ्यायचा विषय निघाला की आपल्याकडं एक प्रश्न ठरलेला असतो, "चालू व्हायला किती वेळ घेतो?" विकणाऱ्यालाही हे माहीत असतं. तो टेबलावर दोन डबे मांडतो. एक साधा डेस्कटॉप, आत एसएसडी. शेजारी टॉवर सर्व्हर. दोन्हीची बटणं एकदम दाबतो. डेस्कटॉप वीस-पंचवीस सेकंदांत विंडोजवर पोचतो. सर्व्हरचे पंखे तेव्हा नुसते घोंघावत असतात, स्क्रीन काळीच. चार मिनिटं झाली तरी तो कसली ना कसली तपासणी करतच बसलेला. "बघा मालक, जास्त पैसे देऊन हे घेणार का?" मालक डेस्कटॉप उचलतात.

डेस्कटॉप घेतला यात वाईट काही नाही. बऱ्याच दुकानांना तोच पुरतो, त्यावर खाली बोलूच. माझा आक्षेप मोजण्याच्या पद्धतीवर आहे. बटण दाबल्यापासून विंडोज दिसेपर्यंतचा वेळ आपल्या धंद्याला काहीच सांगत नाही. गिऱ्हाईक विंडोज बघायला येत नाही, बिल घ्यायला येतं.

पालीसारख्या ठिकाणी हा विषय का महत्त्वाचा, ते आधी सांगतो. आपण हायवेवर आहोत. बीड इकडं, मांजरसुंबा तिकडं. गिऱ्हाईक थांबलं तर थांबलं, नाहीतर गाडी पुढं निघाली. त्यात आपला धंदा वर्षभर सारखा नसतो. जूनमध्ये पाऊस पडला की कृषी सेवा केंद्रात बियाणं-खताला रांग लागते. दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीची मंडळी कारखान्यावर निघायच्या आधी किराणा, ताडपत्री, पांघरुणं घेतात. वर्षाचा मोठा गल्ला या थोड्या दिवसांत होतो. आणि नेमकी जूनच्या वादळात लाईट जास्त जाते. त्या दिवशी काउंटर वीस मिनिटं बंद राहिला तर नुकसान वीस मिनिटांचं नसतं, गेलेल्या गिऱ्हाइकाचं असतं.

सर्व्हर एवढा वेळ करतो तरी काय?

सर्व्हर हळू चालू होतो म्हणजे तो कमजोर आहे, असं नसतं. तो त्या वेळात काही कामं करतो, जी डेस्कटॉप करतच नाही किंवा वरवर करतो.

पहिलं, सर्व्हरच्या बोर्डावर एक वेगळा छोटा संगणकच बसवलेला असतो. डेलमध्ये त्याला आयड्रॅक म्हणतात, एचपीमध्ये आयलो. मुख्य मशीन बंद असतानाही तो जागा असतो. पंखा, तापमान, पॉवर सप्लाय यावर लक्ष ठेवतो आणि दूरवरून मशीन चालू-बंद करू देतो. वीज पूर्ण जाऊन आली की आधी तो स्वतः उभा राहतो. यातच एखादं-दुसरं मिनिट जातं.

दुसरं, रॅमची तपासणी. सर्व्हरमध्ये ईसीसी रॅम असते. एखादा बिट चुकला तर ती स्वतः दुरुस्त करते. ही रॅम चालू होताना तपासून, जुळवून घ्यावी लागते. रॅम जितकी जास्त तितका वेळ जास्त. म्हणून मोठ्या कंपनीतला जास्त रॅमचा, जास्त कार्डांचा सर्व्हर दहा मिनिटंही घेतो आणि तिथं कोणी त्याला नावं ठेवत नाही.

तिसरं, रेड कार्ड. दोन डिस्कवर एकच डेटा ठेवायचा असेल तर हे कार्ड दोन्ही डिस्क जागेवर आहेत का, एखादी मेली का, हे आधी बघतं. हार्ड डिस्क जास्त असल्या तर त्या एकामागून एक फिरवल्या जातात, कारण सगळ्या एकदम फिरवल्या तर पॉवर सप्लायवर लोड येतो.

चौथं, निव्वळ वाया जाणारा वेळ. बऱ्याच सर्व्हरमध्ये नेटवर्कवरून चालू होण्याचा पर्याय आधी लावलेला असतो. तो नेटवर्कवर कोणाला तरी हाका मारतो, उत्तर येत नाही, मग नाइलाजानं डिस्ककडं वळतो.

पहिली तीन कामं म्हणजे सकाळी गल्ला उघडताना आदल्या दिवशीची शिल्लक मोजून घेण्यासारखी आहेत. न मोजता लगेच विक्री सुरू करता येते, पण फरक निघाला तर तो संध्याकाळी कळतो. चौथं मात्र खुशाल बंद करा. बायोसमध्ये चालू होण्याच्या क्रमात डिस्क पहिली आणायची, नेटवर्क बूट काढून टाकायचं. पाच मिनिटांचं काम आहे.

डेमोमध्ये काय दिसत नाही

विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, डेस्कटॉपमध्ये फास्ट स्टार्टअप नावाची सोय आहे. तुम्ही शट डाउन करता तेव्हा विंडोज पूर्ण बंद होत नाही. त्याचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा झोपवून ठेवला जातो. दुसऱ्या दिवशी तो फक्त उठवला जातो, म्हणून मशीन झटकन चालू झालेलं दिसतं.

आता विचार करा, लाईट गेली तेव्हा विंडोजला झोपायला वेळ मिळाला का? नाही. मग लाईट आल्यावर ते पहिल्यापासूनच उभं राहणार. म्हणजे डेमोतला वेळ वेगळा आणि आपल्या रोजच्या वापरातला वेळ वेगळा.

त्यामुळं विकणाऱ्याला सांगायचं, "दादा, शट डाउन करून दाखवू नका. रिस्टार्ट करून दाखवा." रिस्टार्टमध्ये ही झोपवायची युक्ती लागू होत नाही. खरा वेळ तिथं दिसतो. नवीन डेस्कटॉपमध्ये एसएसडी असेल तर तो तरीही चांगलाच निघतो, पंधरा ते तीस सेकंद. जुनी हार्ड डिस्क असेल तर विंडोज दिसल्यावरही दीड-दोन मिनिटं माउस अडकत राहतो. या दोनमधला फरक सर्व्हर आणि डेस्कटॉपमधल्या फरकाइतकाच मोठा आहे. पण लोक ब्रँड विचारतात, आत डिस्क कोणती ते विचारत नाहीत.

घड्याळ कुठं सुरू करायचं, कुठं थांबवायचं

माझं म्हणणं एका ओळीत असं आहे: लाईट आल्यावर घड्याळ लावा आणि काउंटरच्या प्रिंटरमधून पहिलं बिल बाहेर आलं की थांबवा. मधलं सगळं त्यात धरा.

मध्ये काय काय येतं बघा. फायबरचा मोडेम एक ते तीन मिनिटं घेतो. नेटवर्कचा स्विच चालू होतो. सर्व्हर चालू होतो. त्याच्यावरची डेटाबेसची सर्व्हिस चालू होते. काउंटरचा कॉम्प्युटर चालू होतो. तो सर्व्हरवरचा शेअर फोल्डर शोधतो. सॉफ्टवेअर उघडतं, पासवर्ड मागतं. प्रिंटर जोडला जातो. मग बिल.

यात गंमत अशी की काउंटरचा कॉम्प्युटर फार लवकर चालू झाला तर उलट काम वाढतं. तो तीस सेकंदांत तयार होतो, सर्व्हर शोधतो, सर्व्हर अजून उभा नाही. नेटवर्क ड्राइव्हवर लाल फुली येते. सॉफ्टवेअर म्हणतं डेटा सापडत नाही. पोरगा घाबरून सगळं बंद करून पुन्हा चालू करतो. पाच मिनिटांचं काम बारा मिनिटांवर जातं.

म्हणून क्रम ठरवा. आधी मोडेम आणि स्विच, मग सर्व्हर, सर्व्हर तयार झाल्यावर काउंटर. एक कागद छापून भिंतीवर चिकटवा.

मोठ्या लोकांनाही क्रम चुकवून चालत नाही. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक आणि व्हॉट्सअॅप जगभर सहा तासांच्या आसपास बंद होतं, आठवत असेल. दोष सापडल्यावरही त्यांनी सगळं एकदम चालू केलं नाही. बंद पडल्यामुळं त्यांच्या डेटा सेंटरचा वीजवापर एकदम उतरला होता. तो झटक्यात पुन्हा चढवला असता तर दुसरंच काही बसलं असतं, म्हणून त्यांनी टप्प्याटप्प्यानं घेतलं, असं त्यांच्या इंजिनिअरनीच नंतर लिहिलं. घाईत स्विच टाकायचा मोह तिथंही आवरावा लागला.

आणखी एक बारीक गोष्ट. विंडोजमध्ये एखादी सर्व्हिस 'ऑटोमॅटिक, डिलेड स्टार्ट' अशी लावलेली असेल तर ती बाकीच्या सर्व्हिस झाल्यावर साधारण दोन मिनिटं थांबून चालू होते. तुमच्या बिलिंग सॉफ्टवेअरचा डेटाबेस असा लावलेला असेल तर तुम्ही रोज दोन मिनिटं फुकट घालवताय. सॉफ्टवेअरवाल्याला फोन करून एवढं एकच विचारा.

किती वेळात चालू होतो, त्याआधी किती वेळा करावा लागतो?

आता हिशोब मांडू. समजा सर्व्हर पाच मिनिटं घेतो, डेस्कटॉप अर्धं मिनिट. दिवसात लाईट तीनदा गेली. यूपीएस नसेल तर सर्व्हरमुळं दिवसाला साडेतेरा मिनिटं जास्त गेली. रांगेच्या दिवशी हा आकडा छोटा नाही.

आता तोच सर्व्हर चांगल्या यूपीएसवर आणि त्यामागं इन्व्हर्टरवर टाका. लाईट तीनदा जाऊ द्या नाहीतर सहादा, सर्व्हर बंदच पडत नाही. सकाळी शटर वर केलं, बटण दाबलं, झाडू मारला, अगरबत्ती लावली, तोवर तो तयार. त्या पाच मिनिटांची किंमत शून्य झाली. म्हणजे पैसे पाच मिनिटांचे दोन मिनिटं करण्यात घालायचे नाहीत, पडण्याची वेळ टाळण्यात घालायचे.

इथं दोन गोष्टी नेहमी राहून जातात.

एक, इन्व्हर्टरवर 'यूपीएस मोड' आणि 'नॉर्मल मोड' असं बटण बऱ्याच कंपन्या देतात. नॉर्मल मोडमध्ये लाईट जाताना बॅटरीवर येईपर्यंत जरा जास्त वेळ लागतो. पंखा-बल्बला ते कळत नाही, कॉम्प्युटर मात्र तेवढ्यात रिस्टार्ट होतो. "इन्व्हर्टर असून पण मशीन पडतं" ही तक्रार बरेचदा त्या बटणाची असते.

दोन, चांगल्या यूपीएससोबत एक यूएसबी वायर येते. ती खोक्यातच राहते. ती सर्व्हरला जोडून सेटिंग केलं तर बॅटरी संपत आल्यावर यूपीएस सर्व्हरला सांगतो आणि सर्व्हर स्वतः नीट बंद होतो. बंद कसा झाला यावर पुन्हा चालू व्हायचा वेळ ठरतो, हे विसरू नका. झटक्यात वीज गेली तर पुढच्या वेळी विंडोज डिस्क तपासत बसू शकतं, डेटाबेस आपली नोंदवही वाचून पूर्ण झालेली बिलं पक्की करतो आणि अर्धवट राहिलेली मागं घेतो. यात वेळ जातो, आणि नशीब वाईट असेल तर डेटा फाइलच खराब होते. तेव्हा मिनिटांचा हिशोब संपतो आणि दिवसांचा सुरू होतो.

परळी आणि कोयना

आपल्या जिल्ह्यातलंच उदाहरण घ्या. परळीच्या थर्मलमधला २५० मेगावॅटचा कोळशाचा संच पूर्ण थंड पडला असेल तर पुन्हा वीज द्यायला कित्येक तास घेतो. बॉयलर तापवायचा, वाफ तयार करायची, टर्बाइन हळूहळू गरम करायची. घाई केली तर लोखंडच वाकडं होतं. तिकडं कोयनेचं जलविद्युत केंद्र काही मिनिटांत वीज देऊ लागतं. म्हणून कोणी परळीला टाकाऊ म्हणत नाही. दोघांची कामं वेगळी आहेत. सतत चालायचं ते परळीचं, मागणी चढली की झटकन उठायचं ते कोयनेचं.

आणि परळीचे संच २०१३ च्या दुष्काळात बंद ठेवावे लागले, ते उशिरा चालू होतात म्हणून नव्हे. पाणी नव्हतं म्हणून. दुकानातल्या सर्व्हरचंही असंच आहे. तो उशिरा चालू होतो म्हणून धंदा बसलाय असं क्वचित होतं. यूपीएसची बॅटरी चार वर्षं बदलली नाही, बॅकअप घेतलाच नाही, डिस्क मेल्याचा लाल दिवा महिनाभर कोणी बघितला नाही, यानं बसतो.

मग सगळं क्लाउडवरच टाकू?

हा सल्ला आजकाल सगळे देतात. क्लाउडमधला सर्व्हर एखाद्या मिनिटात उभा राहतो, हे खरं आहे. पण पालीत बसून त्याच्यापर्यंत पोचायला फायबर लागतं, मोडेमला वीज लागते. हायवेच्या कडेला जेसीबी लागला आणि केबल तुटली तर तुमच्या एका मिनिटाच्या सर्व्हरचा उपयोग काय?

काही ठिकाणी तर आपल्या हातात काहीच नसतं. २०१८ पासून देशभर अनुदानाचं खत पॉस मशीनवर आधार लावून विकावं लागतं. तिकडचा सर्व्हर थांबला की तुमचा कितीही महागाचा सर्व्हर असो, खताची गोणी पुढं सरकत नाही.

आणि वेगानं चालू होणं म्हणजे चालणं नव्हे, हे जगानं १९ जुलै २०२४ ला बघितलं. क्राउडस्ट्राइक कंपनीच्या एका चुकीच्या अपडेटमुळं मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज मशीन पडली. ती चालू होत होती, निळी स्क्रीन दाखवून पडत होती, पुन्हा चालू होत होती. कंपनीनं चूक साधारण सव्वा तासात मागं घेतली. तरी पडलेली मशीन दुरुस्त करायला बहुतेक ठिकाणी माणसाला त्या त्या मशीनसमोर जाऊन सेफ मोडमध्ये फाइल काढावी लागली. आपल्या देशात विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. विमान उडालं ते पेनामुळं.

म्हणून माझा आग्रह आहे की काउंटरच्या ड्रॉवरमध्ये छापील बिलबुक असलंच पाहिजे. जीएसटीच्या नियमात एकापेक्षा जास्त मालिका चालतात, फक्त नंबर सलग हवेत आणि आर्थिक वर्षात पुन्हा येता कामा नयेत. हातबिलाची वेगळी मालिका ठेवा, रात्री तीच बिलं त्याच नंबरनं सॉफ्टवेअरमध्ये चढवा. ज्यांची उलाढाल ५ कोटींच्या वर आहे आणि दुसऱ्या व्यापाऱ्याला बिल करायचं म्हणून ई-इनव्हॉइस लागतं, त्यांनी मात्र आपल्या सीएला विचारून पद्धत ठरवावी.

मग घ्यायचं काय?

माझं मत सरळ सांगतो.

एक ते तीन काउंटर असतील, तर टॉवर सर्व्हरच्या नादी लागू नका. एसएसडीचा चांगला डेस्कटॉप घ्या, उरलेले पैसे यूपीएसवर आणि दोन ठिकाणच्या बॅकअपवर घाला. एक बॅकअप दुकानाबाहेर हवा.

सात-आठच्या वर काउंटर असतील, गोडाऊन वेगळं असेल, एकच डेटा सगळे वापरत असतील, तर खरा सर्व्हर घ्या. त्याची पाच मिनिटं आनंदानं द्या. एक डिस्क मेली तरी दुपारी धंदा चालू राहील, याचे ते पैसे आहेत.

चार ते सहाच्या मधले जे आहेत, त्यांनी आधी स्वतःला विचारावं, एक पूर्ण दिवस बिलिंग बंद राहिलं तर माझं किती जाईल? गर्दीच्या दिवसाचा आकडा धरा. तो दोन्ही मशीनच्या किमतीतल्या फरकाच्या जवळ येत असेल तर सर्व्हर परवडला.

आणि जो विकतोय त्याला सेकंद विचारण्याऐवजी हे विचारा: डिस्क मेली तर बदलून मिळायला किती दिवस? माणूस बीडहून येणार का संभाजीनगरहून? बॅकअपवरून डेटा परत चढवून दाखवणार का? या तिसऱ्या प्रश्नाला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून मशीन घेऊ नका, कितीही झटकन चालू होऊ दे.

या आठवड्यात एवढं करा

१. गिऱ्हाईक नसताना, सगळी बिलं बंद करून, मशीन शट डाउन करून मेन स्विच पाडा. पाच मिनिटांनी टाका आणि मोबाइलवर घड्याळ लावा. पहिलं बिल निघेपर्यंतचा वेळ वहीत लिहा.

२. त्यातला सगळ्यात जास्त वेळ कुठं गेला ते शोधा. मोडेम, सर्व्हर, सर्व्हिस, का पासवर्ड शोधण्यात?

३. बायोसमध्ये वीज परत आल्यावर मशीननं काय करायचं, ही सेटिंग बघा. बंद राहायचं, चालू व्हायचं, का आधी होतं तसं व्हायचं, असे पर्याय असतात. सर्व्हर आपोआप चालू होईल असं लावा, म्हणजे मालक बाहेरगावी असला तरी अडत नाही.

४. हेच सगळं तुम्ही नसताना काउंटरवरच्या पोराला किंवा ताईंना करायला सांगा. त्यांना जमलं तर तुमची व्यवस्था खरी. तुम्हालाच फोन आला तर भिंतीवरचा कागद अजून नीट लिहायचाय.

हा आकडा बारा मिनिटांवरून सहावर आणणं कुठल्याही दुकानाला जमण्यासारखं आहे, आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टींना एक रुपया लागत नाही. मृगाच्या आधी करून ठेवा. रांग लागल्यावर बायोस उघडायला कोणालाच वेळ नसतो.